आवाज आपला, घर त्यांचं

नोबिता, शिझुका, जियान आणि सुनिओ ही नावं धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या मेहरूणमध्ये वाढणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला कुणी शिकवावी लागत नाहीत. २००५ साली हंगामा वाहिनीवर ‘डोरेमॉन’ हिंदीतून सुरू झालं, त्याला आता दोन दशकं झाली. एवढ्या काळात शिझुका हे नाव आपल्या मुलांना जड जाईल, तिला शीतल म्हणू या, असं कुणाच्या मनात आलं नाही. अमेरिकेत मात्र नेमकं तेच झालं. जुलै २०१४ मध्ये डिस्ने एक्सडी वाहिनीने हेच कार्टून तिथल्या मुलांसमोर आणलं तेव्हा नोबिताचा नोबी झाला, शिझुकाची सू, जियानचा बिग जी आणि सुनिओचा स्नीच. चित्रातल्या येनच्या नोटा पुसून डॉलर रंगवले गेले, चॉपस्टिकच्या जागी काटे आले, नोबिताच्या पेपरावरचा भोपळा जाऊन तिथे अमेरिकन पद्धतीचा ‘एफ’ आला. टोकियोतल्या गल्लीत राहणारं पोर बघता बघता अमेरिकेतलं करून टाकलं. हे रूप दोन हंगामांनंतर थांबलं. आपल्याकडचा नोबिता अजून चालू आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या तर परदेशी गोष्ट आपल्या मुलांपर्यंत कशी आणावी याबद्दल बरंच काही हाती लागतं, आणि मराठीत जपानी कार्टूनं आणण्याची वेळ आलेली असताना त्याचा विचार व्हायला हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की भाषा बदलावी, आवाज बदलावा, गरज पडली तर एखादं वाक्य जास्तीचं घालावं. पण गोष्ट ज्या घरात घडते ते घर पुसू नये.

अमेरिकेतली ही रीत डोरेमॉनपासूनची नाही. १९७२ ची ‘गॅचामन’ ही जपानी मालिका १९७८ मध्ये ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ या नावाने तिथे दाखवली गेली, तेव्हा मारामारीची दृश्यं कापली आणि त्यामुळे पडलेली भोकं बुजवायला मुळात नसलेला एक यंत्रमानव त्यात घातला. १९८५ मध्ये एकमेकींशी काही संबंध नसलेल्या तीन जपानी मालिका जोडून ‘रोबोटेक’ नावाची पंच्याऐंशी भागांची एकच मालिका बनवली गेली. त्याच वर्षी हायाओ मियाझाकींच्या ‘नौसिका’तून सुमारे बावीस मिनिटं कापून तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने विकला गेला. ‘सेलर मून’मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणी इंग्रजीत येताना चुलत-मावस बहिणी झाल्या. ‘यू-गी-ओ’मध्ये मरण हा शब्दच नको म्हणून पात्रं एका छायालोकात जाऊ लागली, आणि बंदुका पुसल्यामुळे गुंड रिकामी बोटं रोखून समोरच्याला धमकावताना दिसू लागले. ‘वन पीस’मधल्या सांजीच्या ओठातली सिगारेट गेली, तिथे लॉलीपॉप आला. आणि ‘पोकेमॉन’चा तो प्रसंग तर जगभर चर्चेत राहिला: भाताचे त्रिकोणी गोळे हातात धरलेला ब्रॉक त्यांना जेली भरलेले डोनट म्हणतो. पुढच्या काही भागांत त्या गोळ्यांच्या जागी चक्क सँडविच रंगवलं गेलं.

या सगळ्या उदाहरणांना एकाच तागडीत घालणं बरोबर होणार नाही. रक्त कापणं ही सेन्सॉरची कात्री आहे, तिच्यावर वाद घालता येतो, पण मुलांच्या कार्यक्रमात ती कुठल्याही देशात चालते. भाताच्या गोळ्याला डोनट म्हणणं वेगळं. तिथे चित्रात एक दिसतं आणि आवाज दुसरंच सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला पांढरा भात दिसतो, त्याभोवती गुंडाळलेली काळी पट्टी दिसते, आणि पडद्यावरचा मोठा माणूस त्याला सांगतो की तुला दिसतंय ते खरं नाही. या गोळ्याला जपानीत ओनिगिरी म्हणतात. ओनिगिरी म्हणजे काय हे त्या मुलाला कळलं नसतं, त्याने आईला विचारलं असतं, आईलाही माहीत नसतं, आणि दोघांनी मिळून जगात भात असाही खातात हे शिकून घेतलं असतं. डबिंग करणाऱ्यांनी त्या मुलाचा प्रश्नच काढून घेतला. मला हे कापाकापीपेक्षा जास्त गंभीर वाटतं, कारण कापलेलं निदान कापलेलं म्हणून ओळखता येतं. रंगवून झाकलेलं ओळखता येत नाही.

अमेरिकन कंपन्यांची बाजू नीट ऐकून घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही. त्या काळी मुलांचे कार्यक्रम मोजक्या वाहिन्यांवर, ठरावीक वेळांना लागत. वाहिनीचे स्वतःचे नियम कडक होते, खेळण्यांचा धंदा त्याच्या मागे बांधलेला होता, आणि परदेशी दिसणारी मालिका मुलं बघणार नाहीत ही जाहिरातदारांची भीती होती. ‘फोर किड्स’ या डबिंग करणाऱ्या कंपनीने ‘पोकेमॉन’ अमेरिकन घरांत बसतं केलं नसतं तर ते एवढं जगभर पसरलं नसतं, असं त्या काळचे चाहतेही मान्य करतात. हा मुद्दा मीही अर्धा मान्य करते. पण त्यातून हे सिद्ध होत नाही की यश भाताला डोनट म्हटल्यामुळे आलं. त्याच अमेरिकेत ‘प्रिन्सेस मोनोनोके’ जाताना निर्माते तोशिओ सुझुकी यांनी एकही फ्रेम कापायची नाही असं बजावण्यासाठी वितरकाला जपानी तलवार पाठवली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. चित्रपट १९९९ मध्ये न कापता लागला. ‘स्पिरिटेड अवे’च्या इंग्रजी रूपात चिहिरो चिहिरोच राहिली आणि हाकू हाकूच, आणि त्या चित्रपटाला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात एक छोटी मदत मात्र केली होती: समोरची इमारत स्नानगृह आहे हे जपानी प्रेक्षकाला बघताच कळतं, अमेरिकन मुलाला कळणार नाही, म्हणून चिहिरोच्या तोंडी तसं एक वाक्य घातलं. चांगलं डबिंग असं असतं. ते प्रेक्षकाला हात धरून त्या घरात नेतं. घर उचलून प्रेक्षकाच्या गल्लीत आणून ठेवत नाही.

आता आपल्याकडे बघू. भारतात जपानी कार्टूनं दोन वाटांनी आली आणि त्या दोन्ही वाटांची मुलं एकाच सोफ्यावर बसून वाढली, त्यामुळे तुलना करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. डोरेमॉन, शिन-चॅन, निंजा हातोडी ही जपानहून सरळ हिंदीत आली. ‘पोकेमॉन’ आणि ‘बेब्लेड’ अमेरिकेचा फेरा घालून, इंग्रजी रूपावरून हिंदीत आली. पहिल्या वाटेने आलेल्या गोष्टींत शिन-चॅनचं नोहारा कुटुंब जपानमधल्या कासुकाबे गावातच राहिलं. ते गाव कुठल्या नकाशावर आहे हे ठाऊक नसलेल्या भडगावच्या किंवा साक्रीच्या मुलालाही ते नाव तोंडपाठ आहे. दुसऱ्या वाटेने आलेल्या मुलाला अॅश माहीत आहे, पण त्याचं जपानी नाव सातोशी आहे आणि ते पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांच्यावरून ठेवलेलं आहे हे त्याला सहसा माहीत नसतं. बेब्लेडच्या टायसनचं खरं नाव ताकाओ. प्लास्टिकचे ते भोवरे जमिनीवर सोडताना खानदेशातल्या गल्ल्यांमध्येही मुलं जी आरोळी ठोकायची ती इंग्रजी होती. बेब्लेडच्या मुळाशी बेईगोमा हा जपानी मुलांचा जुना भोवरा आहे. भोवरा तर आपल्याकडेही आहे, त्याला जाळीची दोरी गुंडाळून फिरवणारे हात अजून आहेत. जपानी पोरगा आणि खानदेशी पोरगा एकाच खेळावर भेटू शकले असते. मधल्या इंग्रजी रूपाने तो दुवा तोडला आणि हातात फक्त खेळण्याचं नाव ठेवलं.

सरळ आलेल्या वाटेवर काही बदललंच नाही असं नाही. डोरेमॉनची आवडती डोरायाकी हिंदीत ‘डोरा केक’ झाली, शीर्षकगीतं नवी लिहिली गेली, भागांना कात्री लागली. ‘शिन-चॅन’ तर २००८ मध्ये सरकारने थांबवलं आणि ते नंतर कापून पुन्हा आलं. ‘शिन-चॅन’चा प्रवास मुळातच विचित्र आहे: जपानमध्ये १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात तो सुरू झाला, अमेरिकेत २००६ मध्ये त्याच चित्रांवर तिथल्या राजकारणाचे आणि नटनट्यांचे विनोद चढवून रात्री उशिराच्या मोठ्या प्रेक्षकांना दाखवला गेला, आणि भारतात तो मुलांचा झाला. त्याच्या उद्धटपणाबद्दल पालकांच्या तक्रारी आहेत, त्या मला पटतातही. वयाला न शोभणारं दृश्य काढायचं असेल तर जरूर काढावं, वेळ बदलावी, वयोमर्यादा लावावी. पण अयोग्य वाटलेलं काढणं आणि परकं वाटलेलं पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकन डबिंगने दुसरं काम पहिल्याच्या नावाखाली केलं. चॉपस्टिकने जेवण्यात अयोग्य असं काय आहे?

नोबिता आपल्याकडे एवढा का रुजला याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, हे मान्यच. केबल स्वस्त झाली होती, मुलांच्या नव्या वाहिन्यांना भरपूर मालिका हव्या होत्या, हिंदी आवाज गोड लागत होते. नाव न बदलल्यानेच तो चालला असा दावा मी करत नाही. पण एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: नाव न बदलल्याने काही बिघडलं नाही. आणि दुसरी त्याहून महत्त्वाची. त्या घरात आपलं बरंच काही होतं. नोबिता दारात बूट काढून आत जातो. जमिनीवर झोपतो. जेवायला भात असतो. गणितात शून्य मिळालं की आई रागावते, आणि तो पेपर लपवण्याची जागा शोधतो. शेजारच्या हुशार मुलाचं उदाहरण त्याला ऐकवलं जातं. मोकळ्या प्लॉटवर सिमेंटच्या नळ्यांवर मुलांचा अड्डा जमतो. जळगावच्या एखाद्या कॉलनीत वाढलेल्या मुलाला हे अमेरिकन उपनगरापेक्षा कितीतरी जवळचं आहे. म्हणजे अमेरिकन रूपावरून मराठी करायचं ठरवलं तर उलटाच प्रकार होईल: आपल्या ओळखीचा भात, आपल्या ओळखीची उंबऱ्याबाहेरची पादत्राणं काढून टाकायची आणि आपल्यालाही परकं, जपान्यांनाही परकं असं काहीतरी मुलाच्या हातात द्यायचं.

भाषेतही तसंच. जपानीत कोण कुणाशी बोलतंय यावर सगळं अवलंबून असतं. मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याशी बोलायची रीत वेगळी, मास्तरांशी वेगळी, अनोळखी माणसाशी आणखी वेगळी. इंग्रजीत येताना हे सगळं सपाट होतं, कारण इंग्रजीला एकच ‘यू’ पुरतो आणि भावाला नावानेच हाक मारली जाते. मराठीला मात्र तू, तुम्ही, आपण आहेत. दादा, ताई, काका, काकू, सर, बाई आहेत. खानदेशात नाना, आबा, जिभाऊ, माय आहेत. वर्गातला दांडगट एखाद्याला ‘तू’ म्हणतो आणि पुढच्या भागात घाबरून ‘तुम्ही’वर येतो, हे मराठीत एका शब्दात साधेल; इंग्रजीत त्याला वाक्य लागेल आणि तरी साधणार नाही. जपानीवरून केलेलं मराठी डबिंग इंग्रजी डबिंगपेक्षा मुळाच्या जास्त जवळ जाऊ शकतं, हे मी भाषेच्या अभिमानापोटी म्हणत नाही. व्याकरणच तसं आहे. म्हणून मधला इंग्रजी टप्पा गाळला पाहिजे. जपानी शिकलेली माणसं महाराष्ट्रात आहेत. पुणे तर जपानीच्या अध्यापनासाठी देशात ओळखलं जातं.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. गोष्टी नेहमीच बदलत प्रवास करतात, मग अमेरिकनांनी थोडं बदललं तर काय बिघडलं? धुळ्याच्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. त्यात गब्बरचा रब्बरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली आणि डाकूंच्या बुडाखाली घोड्यांऐवजी सायकली आल्या. पुढे त्यांचा सुपरमॅन यंत्रमागाच्या शहरात तंबाखूशी लढला. याहून मोठं ‘देशीकरण’ कुठलं? मुंबईचंही उदाहरण आहे. ‘क्योजिन नो होशी’ ही १९६६ ची बेसबॉलवरची गाजलेली जपानी चित्रकथा. तिच्यावरून २०१२ च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही मालिका आली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई, आणि झोपडपट्टीत वाढणारा सूरज. मला ही दोन्ही उदाहरणं आवडतात, आणि त्यांनी माझा मुद्दा पडत नाही. मालेगावचा शोले बघणाऱ्या प्रत्येकाला मूळ शोले माहीत होता; गंमत त्या माहितीवरच उभी होती. ‘सूरज’ नव्याने लिहिला, नव्याने रेखाटला, आणि तो कुठल्या जपानी कथेवरून घेतला हे उघड सांगितलं गेलं. यांनी दुसऱ्याचं घर बघून स्वतःचं घर बांधलं. अमेरिकन डोरेमॉनने दुसऱ्याच्याच घरावर आपली पाटी लावली. बदल किती केला यावरून मी हा फरक करत नाही. मालेगावने तर सगळंच बदललं. मूळ कुणाचं हे प्रेक्षकाला कळू दिलं की नाही, फरक तिथे आहे.

गोष्ट आपल्या गावात आणायची पण तिचं मूळ पुसायचं नाही, हे लोकपरंपरेत तर नेहमीच होत आलं आहे. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, आणि तो रामाच्या बाणाने निघाला अशी कथा तिथे सांगतात. खानदेशाने रामाला सातपुड्याच्या पायथ्याशी आणलं, पण त्याला अयोध्येचा रामच ठेवलं. आणि रामायणाला जपानी हातांनी कसं वागवलं तेही बघण्यासारखं आहे. युगो साको १९८३ मध्ये माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले, रामायणाने भारावले, आणि त्यांनी त्यावर अॅनिमेशनपट करायचं ठरवलं. परक्याने रामायणाचं कार्टून करू नये म्हणून सुरुवातीला विश्व हिंदू परिषदेने हरकतही घेतली. साकोंनी राम मोहन या आपल्या ज्येष्ठ अॅनिमेशनकाराला बरोबर घेतलं, संगीत वनराज भाटियांचं, आणि धोतर कसं नेसतात, मुलं मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतात हे भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना शिकवलं. चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला. पुढे त्याचं अमेरिकन रूप निघालं, निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांचं आणि रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन यांचा. पण राम तिथेही रामच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट भारतातल्या चित्रपटगृहांत लागला तेव्हा तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची ती चित्रं परकी वाटली नाहीत. धोतराची निरी बरोबर काढण्यासाठी ज्यांनी एवढे कष्ट घेतले त्यांचा भात डोनट म्हणून मुलांना दाखवणं मला पटत नाही.

खानदेशाला हा प्रश्न आतून कळायला हवा, कारण आपली बोली दुसऱ्यांनी ‘सोपी’ करून घ्यावी अशी वेळ इथल्या माणसांवर येऊ शकली असती. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, आणि पुढच्याच वर्षी सोपानदेव चौधरी आणि आचार्य अत्रे यांच्या खटपटीने त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही बोली अवघड जाईल म्हणून तिला प्रमाण मराठीचा अंगरखा घालणं तेव्हा सहज शक्य होतं. तो घातला नाही. वाचकानेच पाऊल पुढे टाकलं, शब्द विचारून घेतले, आणि शाळेच्या पुस्तकांतून ती बोली महाराष्ट्रभर गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. उद्या खानदेशातल्या एखाद्या घरावर कुणी चित्रपट केला, पानात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी दिसली, आणि परदेशात तो दाखवताना भाकरीला पिझ्झा म्हटलं गेलं, तर आपल्याला राग येईल. तो राग रास्त असेल. मग नोबिताच्या जेवणाबद्दल आपण उदासीन का राहावं?

दुसऱ्या टोकाचाही एक आक्षेप आहे. जपानी मालिकांचे जाणते तरुण म्हणतात की डबिंगच नको. मूळ जपानी आवाज ऐकावा आणि खाली अक्षरं वाचावीत. सतरा वर्षांच्या मुलासाठी हे ठीक आहे. त्याला मूळ कलाकाराच्या आवाजातला श्वास ऐकायचा असेल तर त्याने तसंच बघावं. पण पाच वर्षांच्या मुलाला अक्षरं वाचता येत नाहीत, आजीला वेगाने वाचता येत नाहीत, आणि गोष्ट ऐकणं हा त्या दोघांचाही हक्क आहे. डबिंग म्हणजे विश्वासघात असं मानणं मला चुकीचं वाटतं. आवाज आपला असल्याशिवाय गोष्ट घरात पूर्ण शिरत नाही. हिंदी कार्टूनना मेघना एरंडेंसारख्या मराठी कलावंतांनी वर्षानुवर्षं आवाज दिले आहेत; म्हणजे कसब आपल्याकडे आहेच, फक्त ते हिंदीच्या सेवेत आहे.

आणि हिंदीचा मुद्दा टाळून चालणार नाही. पहिलीपासून हिंदी लावणारा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय महाराष्ट्रात किती तापला आणि २९ जूनला तो कसा मागे घ्यावा लागला हे सगळ्यांना आठवतं. पण शाळेत जाण्याआधीच तीन वर्षांचं मूल डोरेमॉनकडून हिंदी शिकून बसलेलं असतं, त्यावर कुणी शासन निर्णय काढत नाही. बांगलादेशात हे एवढं वाढलं की २०१३ मध्ये तिथल्या सरकारने मुलं हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारीवरून हिंदी डोरेमॉन बंद केलं. पुढे ते बांगलातून दाखवलं गेलं. बंदी मला मान्य नाही. बांगला आवाज देणं मात्र मान्य आहे. तमिळ आणि तेलुगू मुलांना जपानी मालिका त्यांच्या भाषेत मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेअर’चा चित्रपट भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत, मराठीत नाही. मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला, हा वितरकांचा हिशेब. धंद्याच्या नजरेने तो चुकीचा नसेल, पण अहिराणी किंवा लेवा बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पडद्यावर स्वतःच्या भाषेत गोष्ट न मिळण्याची किंमत त्या हिशेबात धरलेली नाही. काही मुलांच्या वाहिन्या अलीकडे मराठी आवाजाचा पर्याय देतात, ही चांगली सुरुवात आहे. राज्याकडे तर स्वतःची संस्थाही होती: पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. तिथला अनुभव मराठी डबिंगला उपयोगी पडला असता.

सुरुवात कुठून करावी याचं उत्तर माझ्यापुरतं ठरलेलं आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ १९८१ मध्ये जपानमध्ये आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आणि तो महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी, पालकांनी, मुलांनी मनापासून वाचला. त्यात कोबायाशी मास्तरांचं नाव कुलकर्णी केलेलं नाही, तोमोए शाळा टोकियोतच आहे. मुलांच्या डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरावरचं असावं असा त्या मास्तरांचा नियम होता. समुद्र न बघितलेल्या तापीकाठच्या मुलांनाही तो कळला, काहींनी आपल्या डब्यातलं काय कुठून आलं हे शोधलंही असेल. डिसेंबर २०२३ मध्ये शिन-ई अॅनिमेशन या, डोरेमॉन आणि शिन-चॅन करणाऱ्याच स्टुडिओने त्यावर चित्रपट काढला. पुस्तकामुळे त्याला मराठी प्रेक्षक आधीच तयार आहे. तो जपानीवरून मराठीत आणावा, आवाजाला जळगाव-धुळ्याकडची मुलंही घ्यावीत, त्यांच्या बोलीचा हेल पुसू नये, नावं, जेवणाचे डबे, शाळेचे वर्ग झालेले रेल्वेचे डबे सगळं जिथल्या तिथे ठेवावं, आणि शेवटच्या पाटीवर कुठे काय बदललं ते स्पष्ट लिहावं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आता मोठे पडदे आणि प्रोजेक्टर पोचू लागले आहेत. मराठी भाषा विभागाने आणि शालेय शिक्षण विभागाने मिळून हक्क घेण्याची बोलणी सुरू केली तर या चित्रपटाचा पहिला मराठी खेळ साने गुरुजींच्या अमळनेरात, प्रताप हायस्कूलमध्ये व्हावा.